नासिक नगराचा पूर्ववृत्तान्त : लेखांतून, नाण्यांतून व दप्तरांतून

रामकुंडावर स्नानास उतरणारा यात्रेकरू संकल्प सोडतांना प्रथम देश व काल सांगतो : गोदावरीच्या कोणत्या तीरावर आपण उभे आहों, संवत्सर कोणतें, मास कोणता, तिथि कोणती. इतकें सांगितल्यावांचून पुढील कर्म चालत नाहीं. इतिहासलेखनाचा आरंभहि असाच असावा असें आम्हांस वाटतें. नासिकाविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे; परंतु त्यांतील बराच भाग संकल्प न सोडतां केलेल्या कर्मासारखा आहे. रामकथेंतील जनस्थान, लेण्यांतील गोवर्धन, बादशाही कागदांतील गुलशनाबाद आणि आजचें नाशिक हीं सर्व एका दमांत घेतलीं जातात, आणि मधल्या शतकांचें अंतर कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. प्रस्तुत लेखांत त्या त्या काळचा पुरावा त्या त्या काळाखालींच मांडावा असें आम्हीं योजिलें आहे. आणि शेवटीं, हा पुरावा ज्यांच्या हातीं आहे त्या संग्राहकांपुढें एक विनंति ठेवावयाची आहे.

विषयास हात घालण्यापूर्वीं एक प्रश्न वाचकांनीं मनांत बाळगावा. नासिक हें कोणत्याहि मोठ्या राज्याचें दीर्घकाळचें राजधानीनगर म्हणून निर्विवाद सिद्ध झालेलें नाहीं. सातवाहनांचें पैठण, यादवांचे सिन्नर व देवगिरी, पेशव्यांचें पुणें. पैठण व देवगिरी यांचें वैभव राजकुलांबरोबर ओसरलें. नासिक मात्र दोन हजार वर्षें नांदतें राहिलें. ज्या नगराला राजाचा कायमचा आधार नाहीं, तें टिकलें कशाच्या बळावर?

१. नांवाचा विचार

नासिक या नांवाच्या दोन व्युत्पत्ति लोकांत रूढ आहेत. लक्ष्मणानें शूर्पणखेची नासिका छेदिली म्हणून नासिक, ही पहिली. आणि नऊ शिखरांवर वसलें म्हणून 'नवशिख', त्याचें नासिक, ही दुसरी. जुनी गढी, गणपतीची टेक, चित्रघंटा, म्हसरूळ टेक, डिंगर आळी इत्यादि उंचवट्यांवर जुनें गांव वसलें आहे हें खरें. परंतु नांवाचा निर्णय टेकड्या मोजून होत नाहीं. प्राकृतांत दोन स्वरांमधील 'ख' चा सामान्यतः 'ह' होतो. मुखाचें मुह, सखीचें सही. 'नवशिख' पासून प्राकृतांत 'नवसिह' असें कांहीं तरी झालें असतें, 'नासिक' झालें नसतें. शिवाय लेण्यांतील सर्वांत जुन्या लेखांत हें नांव 'नासिक' असेंच स्वच्छ कोरलेलें आहे. तेव्हां 'नवशिख' ही व्युत्पत्ति नांव रूढ झाल्यानंतर टेकड्यांकडे पाहून जुळविलेली आहे, असें आमचें मत आहे.

पाणिनीय व्याकरणाची साक्ष याहून मोलाची आहे. नासिका शब्दापुढें 'यत्' प्रत्यय आला असतां नासिकेच्या जागीं 'नस्' असा आदेश होतो व 'नस्य' हें रूप सिद्ध होतें. परंतु वर्ण व नगर हे अर्थ असतां हा आदेश होऊं नये, असा अपवाद वैयाकरणांनीं सांगितला आहे. म्हणून वर्णाला नासिक्य म्हणावयाचें आणि नगरालाहि नासिक्यच. पतंजलीच्या महाभाष्यांत ही चर्चा आहे. पतंजलीचा काळ इ. स. पूर्वीं दुसरें शतक असा बहुतेक विद्वान् धरतात. उत्तरेकडील एका वैयाकरणास नियमाला अपवाद करावयास लावण्याइतकें हें दक्षिणेंतील नगर त्या वेळीं प्रसिद्ध होतें, ही गोष्ट लहान नव्हे. पुढें इ. स. च्या दुसऱ्या शतकांत टॉलेमीनेंहि आपल्या भूगोलांत 'नासिक' हें नांव घेतलें. कोणाची नासिका छेदिली गेली हें व्याकरण सांगत नाहीं; नगराचें नांव नासिका शब्दाशीं जोडलेलें आहे एवढेंच सांगतें. नदीच्या वळणांत पुढें आलेल्या भूमीच्या नाकाडावरून तें पडलें असावें असें आम्हांस वाटतें, परंतु हा तर्क आहे, प्रमाण नव्हे.

जातां जातां 'नासिक' कीं 'नाशिक' या वादाविषयीं दोन शब्द. मराठींत इकारापूर्वीं येणाऱ्या दन्त्य 'स'चा तालव्य 'श' होण्याकडे कल आहे. सीमा याचें शीव, सिक्थ याचें शीत, सीव् धातूचें शिवणें. त्याच न्यायानें नासिकाचें नाशिक झालें. एक संस्कृताचें रूप, दुसरें मराठीच्या मुखांतलें. दोहोंत अशुद्ध कोणतेंच नाहीं.

२. लेण्यांची साक्ष

शहराच्या नैर्ऋत्येस मुंबईच्या रस्त्यावर जी टेकडी आहे तिला लेखांत 'तिरण्हु' म्हटलें आहे. संस्कृत रूप त्रिरश्मि. तिच्यावरील चोवीस लेणीं पांडवांच्या नांवानें प्रसिद्ध असलीं तरी पांडवांचा त्यांशीं संबंध नाहीं. तीं बौद्ध भिक्षूंच्या वर्षावासासाठीं कोरलेलीं आहेत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं येथील लेखांचें वाचन करून तें १८८३ च्या नासिक गॅझेटियरांत दिलें, व पुढें सेनार यांनीं तें पुन्हां तपासलें. ज्यांनीं हे लेख शांतपणें वाचले नसतील त्यांस ते राजांच्या बिरुदावळीचे वाटतात. वस्तुतः ते पुष्कळ अंशीं पैशाच्या ठेवींचे व जमिनीच्या व्यवहारांचे कागद आहेत. फक्त कागदाऐवजीं दगड.

एकोणिसाव्या लेण्यांतील लेख सर्वांत जुन्यांपैकीं आहे. सातवाहनकुलांतील कण्ह राजाच्या वेळीं नासिकच्या महामात्रानें हें लेणें करविलें, असें तो सांगतो. अठराव्या म्हणजे चैत्यगृहाच्या द्वारावर नासिककरांपैकीं धंभिक गांवच्या लोकांचें दान नोंदिलें आहे. म्हणजे पहिल्या टप्प्यांतच राजाधिकारी आणि सामान्य ग्रामस्थ दोघेहि दाते आहेत. दात्यांची यादी पुढें पाहतां ती अधिकच विविध दिसते. सतरावें लेणें उत्तरेकडील दातामिती नगरच्या एका योनक म्हणजे यवन गृहस्थाच्या पुत्रानें, इंद्राग्निदत्तानें, कोरविलें. आठवें लेणें मुगूदास नांवाच्या दासकाचें आहे. दासक म्हणजे कोळी असा अर्थ विद्वानांनीं केला आहे. विसावें लेणें एका तपस्व्यानें आरंभून अर्धवट टाकलें होतें. पुष्कळ वर्षांनंतर यज्ञश्री सातकर्णीच्या सातव्या वर्षीं एका महासेनापतीच्या पत्नीनें, वासूनें, तें पुरें करविलें.

या सर्वांत विस्तारानें पाहण्याजोगा लेख दहाव्या लेण्यांतील उषवदाताचा आहे. उषवदात हा क्षहरात क्षत्रप नहपान याचा जांवई. दक्षमित्रा ही त्याची पत्नी. त्यानें वर्ष ४२ मध्यें वीस भिक्षूंच्या चीवरांसाठीं व इतर खर्चासाठीं तीन हजार कार्षापणांची अक्षयनीवि, म्हणजे मूळ रकमेस हात न लावतां केवळ व्याज खर्चावयाची ठेव, गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेविली. दोन हजार एका श्रेणीकडे, दरमहा शेंकडा एक या व्याजानें. एक हजार दुसरीकडे, दरमहा शेंकडा पाऊण या व्याजानें. आम्ही शाळेंत असतांना वरच्या वर्गास हेंच गणित घालीत असूं. दोन हजारांवर दरमहा वीस, म्हणजे वर्षास दोनशें चाळीस. भिक्षु वीस, तेव्हां प्रत्येकीं बारा. आणि लेखांत प्रत्येक भिक्षूस चीवरासाठीं बारा कार्षापणच सांगितले आहेत. उत्तर जुळलें कीं मुलांच्या तोंडावर जो आनंद दिसे तो अद्यापि आमच्या डोळ्यांपुढें आहे. कारण दोन हजार वर्षांपूर्वींचा हिशेब आपल्या पाटीवर बरोबर येतो, ही गोष्ट कोणत्याहि माहात्म्यापेक्षां त्यांस अधिक खरी वाटे. याच लेण्यांतील वर्ष ४५ च्या नोंदींत सत्तर हजार कार्षापण म्हणजे दोन हजार सुवर्ण असें आहे, व एका सुवर्णाचे पस्तीस कार्षापण असा भाव दिला आहे. तोहि गुणाकार बरोबर येतो. हें सर्व निगमसभेंत ऐकविलें व फलकावर नोंदविलें असेंहि लेख सांगतो. सभा, नोंदणी, व्याजाचा दर व श्रेणींची पत या चारहि गोष्टी जेथें आहेत तेथें नगराची व्यवस्था पक्की होती यांत संशय नाहीं.

ही व्यवस्था एका राजवटीची नव्हती हेंहि लक्षांत ठेवावें. क्षहरात गेले, सातवाहन आले, त्यांचाहि अस्त झाला. आणि आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षीं विष्णुदत्ता नांवाच्या एका शक उपासिकेनें आजारी भिक्षूंच्या औषधांसाठीं पुन्हां गोवर्धनच्याच श्रेणींकडे ठेवी ठेविल्या. या वेळीं श्रेणी निराळ्या आहेत : कुंभार, पाणयंत्रें करणारे, तेली. राजे बदलले, ठेवीची पद्धति बदलली नाहीं. आमच्या मूळ प्रश्नाचें उत्तर येथून मिळूं लागतें.

३. दिलेलें गांव, न नांगरलेलें शेत

तिसऱ्या लेण्यांत गौतमी बलश्रीचा प्रसिद्ध लेख आहे. पुळुमावीच्या एकोणिसाव्या वर्षीं त्याच्या या आजीनें आपल्या दिवंगत पुत्राचा, गौतमीपुत्र सातकर्णीचा, गौरव त्यांत कोरविला. त्या लेखाची कीर्ति इतकी आहे कीं शेजारच्या दोन राजाज्ञांकडे वाचकांचें लक्ष जात नाहीं. आमच्या मतें संशोधकास त्या दोन आज्ञा अधिक शिकवितात.

पहिली गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षाची. विजयी सेनेच्या तळावरून राजा गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालितास कळवितो कीं, पश्चिम कखडी गांवांतील उषवदाताच्या उपभोगांत असलेलें दोनशें निवर्तन शेत तिरण्हूवरील भिक्षूंस दिलें आहे. दुसरी चोविसाव्या वर्षाची. तींत राजमातेचेंहि नांव आहे आणि अमात्य आतां श्यामक आहे. ती सांगते कीं, पूर्वीं भिक्षूंस जें शेत दिलें तें कसलें जात नाहीं, आणि तो गांवहि वसत नाहीं. म्हणून त्याच्या ऐवजीं नगराच्या सीमेवरील राजकीय शेतांतून शंभर निवर्तन द्यावें. पुढें पुळुमावीच्या बाविसाव्या वर्षींहि सुदसण गांवाच्या मोबदल्यांत सामलिपद गांव दिल्याचा लेख आहे.

येथें थोडें थांबावें. पहिलीच आज्ञा टिकली असती आणि दुसरी नष्ट झाली असती, तर आम्ही सर्वांनीं निःशंकपणें लिहिलें असतें कीं भिक्षूंस दोनशें निवर्तनांचें उत्पन्न मिळत होतें. प्रत्यक्षांत शेत पडीक होतें आणि गांव ओस होता. युद्धानें मुलूख उजाड झाला हें बिरुदावळींत येत नाहीं. तें या एका तक्रारीवजा वाक्यांत आलें आहे. दानपत्र हें देणाऱ्याच्या इच्छेचें प्रमाण आहे, घेणाऱ्याच्या भोगवट्याचें नव्हे. पेशवाईंतील सनदा वाचतांनाहि हा न्याय विसरूं नये.

त्या युद्धाची दुसरी साक्ष भूमीनें जपून ठेविली होती. १९०६ सालीं नासिकजवळ जोगलटेंभी येथें नहपानाच्या रुप्याच्या नाण्यांचा मोठा सांठा सांपडला. तेरा हजारांहून अधिक नाणीं; त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला छाप मारलेला. शत्रूचें नाणें वितळवून न टाकतां त्याच्यावरच आपलें चिन्ह उठवून तें पुन्हां बाजारांत सोडलें, यावरून विजेत्यासहि चालू व्यापार मोडावयाचा नव्हता असें दिसतें. सोपारें व कल्याण या बंदरांतून थळघाट चढून पैठणाकडे जाणारा मार्ग नासिकावरून जात होता. तो मार्ग हेंच या नगराचें पहिलें भांडवल.

१९५०-५१ मध्यें डेक्कन कॉलेजच्या वतीनें सांकळिया व देव यांनीं नदीकांठच्या मातीच्या गढीवर उत्खनन केलें आणि १९५५ त त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यावरून सातवाहनांच्याहि पूर्वीं, ताम्रपाषाणयुगापासून, येथें वस्ति होती हें सिद्ध झालें. व्याकरण व शिलालेख जेथपर्यंत नेतात त्याच्याहि मागें ही गढी नेते.

४. मधला काळ

आभीरांनंतर नासिकाचा वृत्तान्त विरळ होतो, आणि ही उणीव कल्पनेनें भरण्याचा मोह अनेकांस झाला आहे. सातव्या शतकांत आलेल्या चिनी यात्रेकरू ह्युएन् त्संगानें महाराष्ट्राच्या राजधानीचें जें वर्णन केलें तें नासिकाचेंच, असें फ्लीट यांनीं प्रतिपादिलें. परंतु यात्रेकरूनें नगराचें नांव दिलें नसल्यानें तें अनुमानच राहतें. लेण्यांत मात्र काम चालूच होतें. तेविसाव्या लेण्यांतील बुद्धमूर्ति उत्तरकालीन महायान पंथाच्या आहेत, आणि म्हसरूळजवळील चांभार लेणीं जैनांचीं आहेत.

या काळाची खरी साक्ष शहरांत नसून आसपास आहे. अंजनेरी येथें मिळालेल्या हरिश्चंद्रवंशीय भोगशक्तीच्या ताम्रपटांपैकीं एक कलचुरि संवत् ४६१ चा, म्हणजे इ. स. ७१० च्या सुमाराचा आहे. दुसऱ्यांत, पूर्वीं उद्ध्वस्त झालेलें समगिरिपट्टण राजानें पुन्हां वसविलें व तेथील व्यापाऱ्यांस सवलती दिल्या, असा मजकूर आहे. सातवाहनकालीन ओस गांवाची येथें आठवण व्हावी. याच अंजनेरीस शके १०६३, म्हणजे इ. स. ११४१, चा सेउणचंद्र यादवाचा लेख आहे. चंद्रप्रभ तीर्थंकराच्या मंदिरास दुकानें दान दिल्याचें तो सांगतो. शेताऐवजीं दुकान दान येतें तेथें बाजार भरता असला पाहिजे. यादवांचें बळ सिन्नराकडे व तेथून देवगिरीकडे गेलें. सिन्नरचें गोंदेश्वराचें देऊळ त्या वैभवाची खूण आहे. चौदाव्या शतकांत जिनप्रभसूरीनें विविधतीर्थकल्पांत नासिक्यपुरावर स्वतंत्र प्रकरण लिहिलें. बौद्धांचें वर्षावासस्थान, जैनांचें तीर्थ, वैदिकांचें क्षेत्र. ज्याला जें पवित्र तें त्यानें येथें पाहिलें. तीर्थ हें या नगराचें दुसरें भांडवल.

५. गुलशनाबाद व पेशवाई

बहामनी राज्य, पुढें अहमदनगरची निजामशाही, आणि १६३६ त निजामशाही बुडाल्यावर मोगल असा अंमल नासिकावर क्रमानें झाला. मोगलांनीं नगरास गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचें शहर, हें नांव दिलें. जुन्या नाशकांतील सादिकशाह हुसैनी यांची बडी दर्गा ही त्या परंपरेची हयात साक्ष आहे. हें नांव केवळ दरबारी होतें असेंहि नव्हे. मराठ्यांच्या अमलांत नासिकच्या टांकसाळींतून पडलेल्या रुपयांवरहि 'गुलशनाबाद' हेंच टांकसाळीचें नांव व दिल्लीच्या बादशहाचें नांव येतें. नाणें पाहून अंमल ठरविणाऱ्या नवशिक्या संग्राहकाची येथें हटकून फसगत होते. अंजनेरी येथें १९८० पासून मुद्राशास्त्राची संशोधनसंस्था आहे. शंका असेल त्यानें तेथें नाणें दाखवून घ्यावें.

रामकुंड १६९६ त चित्रराव खटावकर यांनीं बांधलें असें सांगतात. पुढें गोपिकाबाई पेशवे यांनीं त्याची सुधारणा केली. अठराव्या शतकाच्या मध्यापासून पेशव्यांच्या सरदारांनीं दोन्ही तीरांवर देवळें उठविलीं. नारो शंकर राजेबहादर यांचें रामेश्वराचें देऊळ १७४७ चें; तेथील घंटा १७२१ त ओतलेली, वसईच्या मोहिमेंत पोर्तुगेजांकडून मिळालेली. 'नारोशंकराची घंटा' ही म्हण त्यावरूनच पडली. गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनीं १७५६ त सुंदरनारायणाचें देऊळ बांधलें. पंचवटींतील काळ्या रामाचें देऊळ सरदार रंगराव ओढेकर यांचें, १७८२ च्या सुमाराचें. गोदावरीच्या उगमाकडे त्र्यंबकेश्वराचें देऊळ नानासाहेब पेशव्यांनीं हातीं घेतलें होतें.

पेशव्यांच्या घराण्यांतील कलहानेंहि नासिकास महत्त्व आलें. गोपिकाबाई पुणें सोडून गंगापूर व नासिक येथें येऊन राहिल्या व १७८८ त नासिकासच वारल्या. नातवास, सवाई माधवरावास, दिनचर्येचा उपदेश करणारें त्यांचें पत्र अभ्यासकांस परिचित आहे. रघुनाथराव व आनंदीबाई नगराच्या पश्चिमेस आनंदवल्लीस राहिले. गांवाचें नांवच बाईंच्या नांवावरून बदललें. एका नदीच्या कांठीं दोन-तीन कोसांच्या आंत पेशवाईचे दोन पक्ष नांदत होते, आणि दोहोंचे कारकून, उपाध्ये, सावकार व हरकारे याच गल्ल्यांतून फिरत होते. नासिकच्या वाड्यांत दप्तरें कां सांठलीं याचें हेंच कारण. पुणें दरबाराचें दप्तर सरकारजमा झालें. नासिकचें दप्तर घरोघर राहिलें.

६. इंग्रजी अंमल व त्यानंतर

१८१८ त नासिक इंग्रजांकडे गेलें. १८४० त सार्वजनिक वाचनालय, १८६४ त नगरपालिका, १८६९ त स्वतंत्र जिल्हा, १८९५ त गोदावरीवरचा मोठा पूल, असा पुढील क्रम आहे. १९०४ त सावरकर बंधूंची अभिनव भारत संस्था येथें उभी राहिली. २१ डिसेंबर १९०९ रोजीं विजयानंद नाटकगृहांत कलेक्टर जॅक्सन यांचा अनंत कान्हेरे यांनीं वध केला. कान्हेरे, कर्वे व देशपांडे यांस १९ एप्रिल १९१० रोजीं ठाण्यास फांशी दिलें गेलें. हेच जॅक्सन संस्कृताचे जाणते व लोकाचारांचे टिपणकार होते, आणि त्यांनीं जमविलेलें साहित्य पुढें एन्थोवेन यांनीं संपादून छापलें. राज्यकर्ता म्हणून ज्याचा शेवट असा झाला त्याच्याच टिपणांवांचून या भागांतील ग्रामदेवतांच्या अभ्यासकाचें चालत नाहीं. इतिहास अशा वेळीं एका वाक्यांत निकाल देऊं देत नाहीं.

२ मार्च १९३० रोजीं काळाराम मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखालीं सुरू झाला. दादासाहेब गायकवाड हे त्याचे प्रमुख कार्यकर्ते. तो कित्येक वर्षें चालला, दार उघडलें नाहीं, आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजीं याच जिल्ह्यांतील येवलें येथें बाबासाहेबांनीं धर्मांतराची घोषणा केली. अस्पृश्य मानलेल्यांस मुंबई प्रांतांत मंदिरप्रवेशाचा कायद्यानें हक्क मिळाला तो १९४७ त. ज्या टेकडीवर यवनाचें, शक स्त्रीचें व कोळ्याचें दान राजमातेच्या दानाशेजारीं कोरलेलें आहे, तिच्यापासून दोन-तीन कोसांवरच्या देवळाच्या दाराशीं हें घडलें. आमच्या पिढीच्या वडीलधाऱ्यांपैकीं कित्येकांनीं तें पाहिलें, आणि त्यांतील पुष्कळांनीं पाहूनहि कांहीं लिहून ठेविलें नाहीं. तीर्थाचा इतिहास लिहितांना कोण आलें याबरोबर कोणास येऊं दिलें नाहीं हेंहि लिहिलें पाहिजे.

७. वह्या, दप्तरें व आमची विनंति

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. नासिक टिकलें तें घाटमार्गाच्या व्यापारावर, तीर्थाच्या ओढीवर, आणि या दोहोंस जोडणाऱ्या नोंदीच्या संवयीवर. विणकरांच्या श्रेणींनीं ठेव लिहून घेतली, अमात्यांनीं मोबदला लिहून दिला. आणि पुढील काळीं हेंच काम क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांनीं केलें.

या वह्या ज्यांनीं पाहिल्या नसतील त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. रामकुंडाजवळ नदी दक्षिणेस वळते. तेथें स्नान, श्राद्ध व अस्थिविसर्जन यांसाठीं दूरदूरचे लोक येतात. कोणत्या मुलुखाचे व कोणत्या घराण्याचे यात्रेकरू कोणत्या उपाध्यायाकडे जावयाचे हें परंपरेनें ठरलेलें. आलेला गृहस्थ वहींत आपलें नांव, बापआजाचें नांव, गोत्र, गांव, बरोबरचीं माणसें, आल्याचें कारण व मिती लिहितो किंवा लिहवितो आणि खालीं सही करतो. पुढच्या पिढीचा पुरुष आला कीं उपाध्याय त्यास आजाची सही काढून दाखवितो. जुनीं पानें बहुधा मोडींत आहेत. सनदेंत जीं नांवें कधींच येत नाहींत, म्हणजे धाकटे भाऊ, विधवा सुना, बालपणीं वारलेलीं मुलें, तीं येथें येतात. कुटुंब गांव सोडून परमुलुखीं गेलें तर दोन नोंदींतील निराळ्या गांवांवरून तेंहि कळतें. सनद हें देण्याच्या इच्छेचें प्रमाण असें आम्हीं वर म्हटलें. वही हें माणसाच्या प्रत्यक्ष उपस्थितीचें प्रमाण आहे.

अर्थात् वहीहि तपासूनच घ्यावी. जीर्ण पान नव्या वहींत उतरून घेण्याची रीत आहे. तेव्हां नोंद मूळची कीं नकललेली हें कागद, शाई व अक्षर पाहून ठरवावें. मितीचा वार पंचांगाशीं ताडून पाहावा. एकाच हातानें एकाच शाईनें शंभर वर्षांच्या नोंदी असतील तर त्या नकलेंतील समजाव्या. त्या टाकाऊ नव्हेत, परंतु मूळ म्हणून उद्धृत करूं नयेत.

या साधनांची स्थिति आज काय आहे? १९६९ च्या महापुराचें पाणी जुन्या गांवांत शिरलें होतें, आणि पुरानें जें नेलें नाहीं तें वाडे पाडतांना जात आहे. एका वाड्याच्या विक्रीच्या वेळीं आम्हांस बोलावणें आलें होतें. पोंचावयास दोन दिवस उशीर झाला. रुमाल सोडलेले होते. ज्या पत्रांवर मोठ्या नांवाचा शिक्का होता तीं एकेक करून विकलीं गेलीं होतीं, आणि उरलेला ढीग रद्दीच्या तराजूंत होता. त्या ढिगांतलीं आम्हांस मिळालीं तीं पांच-सात पानें अन्नछत्राच्या खर्चाचीं होतीं : तांदूळ किती, तूप किती, पानें किती उठलीं. शिक्क्याचीं पत्रें घेणाऱ्यानें मौल्यवान वस्तु नेली असें त्यास वाटलें असेल. परंतु तीं पत्रें कोणत्या रुमालांत, कोणत्या हिशेबाच्या शेजारीं होतीं हें आतां कोणासहि सांगतां येणार नाहीं. उशीर आमचा होता. त्याचें दुःख आम्हांस आहे.

म्हणून आमची विनंति अगदीं साधी आहे. दप्तर विकत घ्यावयाचें तर सगळें घ्यावें. तें शक्य नसेल तर सोडण्यापूर्वीं रुमालाची मोजदाद करावी, पानांस क्रमानें आंकडे घालावे व छायाचित्रें घ्यावीं. तें कोणाच्या वाड्यांतून, कोणत्या खणांतून, कोणत्या सालीं आलें हें वेष्टणावर लिहावें. उपाध्यायांच्या वह्या त्यांच्या घरीं नित्याच्या उपयोगांत आहेत. त्या मागूं नयेत, त्यांची छायाचित्रें घेण्याची परवानगी मागावी, आणि हयात कुटुंबांच्या नोंदी त्यांच्या संमतीवांचून छापूं नयेत. आणि हिशेबाचें पान रद्दींत टाकतांना उषवदाताचे वीस भिक्षु व बारा कार्षापण यांची आठवण करावी. तोहि एक हिशेबच होता. कोणी तरी तो दगडावर कोरविला म्हणून त्या नगराची पत आज आपणांस मोजतां आली.

यात्रेकरू संकल्प सोडतो, स्नान करतो, वहींत नांव लिहितो आणि आपल्या गांवीं परत जातो. नगर मागें राहतें, वही मागें राहते. ती उद्यांहि मागें राहील एवढें पाहणें आपल्या हातीं आहे.